एकटी न फळणारी वेल

भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या दक्षिणेस आणि सिरियाच्या पश्चिमेस, सायप्रस नावाचे एक डोंगराळ बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहूनही काहीसे कमीच. परंतु वाचकहो, या लहानशा बेटाशी आपला परिचय अगदीच नवा नाही. १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाले आणि तेथील ग्रीक व तुर्की समाजांतील कलह आवरण्यासाठी १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तेथे शांतिसेना पाठविली. त्या सेनेचे नेतृत्व करीत असतानाच, १८ डिसेंबर १९६५ रोजी, आपले जनरल थिमय्या यांना तेथे मृत्यू आला. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले.

आज मात्र आपण या बेटाकडे वळणार आहोत ते राजकारणासाठी नव्हे, तर एका वेलीसाठी. 'मराथेफ्तिको' हे तिचे नाव. नावाचा आरंभ ऐकून मराठी वाचकाचे कान टवकारतील. पण आपल्या भाषेशी त्याचा काही संबंध नाही. त्रोओदोस पर्वतात मराथासा नावाची एक दरी आहे, तिच्याशी या नावाचे नाते जोडले जाते. ही काळ्या द्राक्षांची वेल सायप्रसची स्वतःची आहे. तिचा एक स्वभाव मात्र विलक्षण आहे. ती एकटी लावली, तर नीट फळत नाही. तिला शेजार लागतो. या एका खोडीमुळे ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ती कशी तगली आणि पुन्हा कशी मानास चढली, हे जाणून घेण्यासारखे आहे.

या द्राक्षांपासून मुख्यतः मद्य तयार होते, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. आपल्या संविधानाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले आहे. मद्याची थोरवी गाण्याचा या लेखाचा हेतू नाही. परंतु ज्या देशात द्राक्षमळा हाच डोंगरी कुटुंबांचा शतकानुशतकांचा आधार होता, त्या देशातील शेतकऱ्यांची कथा मद्याचा उल्लेख टाळून सांगता येणार नाही.

डोंगर, पाऊस आणि मुळे

सायप्रसच्या मध्यभागी त्रोओदोसची रांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर ऑलिंपस १,९५२ मीटर उंच आहे. आपल्याकडे पाऊस येतो उन्हाळ्यानंतर. तेथे तो येतो हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. अशा हवामानात जमिनीत खोल मुरलेल्या ओलाव्यावर जगणारे पीकच टिकाव धरते, आणि द्राक्षवेल हे असे पीक आहे. पर्वताच्या दक्षिण व पश्चिम उतारांवर दगडी बांध घालून ताली तयार केलेल्या दिसतात. त्यांवर मांडवाविना वाढविलेल्या, जमिनीलगतच्या झुडुपासारख्या बुटक्या वेली उभ्या असतात. काही मळे समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरांच्याही वर आहेत. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, असे तेथील हवामान द्राक्षांना मानवते.

या वेलींचे आणखी एक वैशिष्ट्य डोळ्यांना दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'फिलॉक्सेरा' नावाचा सूक्ष्म कीटक अमेरिकेतून युरोपात शिरला. तो द्राक्षवेलींची मुळे शोषून खातो. १८६० नंतरच्या काही दशकांत त्याने फ्रान्सचे आणि मग इतर देशांचे मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. अखेर कीटकाला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपीय जातींची कलमे बांधण्याचा उपाय सापडला, आणि तेव्हापासून युरोपातील बहुतेक वेली परक्या मुळांवर उभ्या आहेत. सायप्रसमध्ये मात्र हा कीटक कधी पोहोचलाच नाही. भोवतालचा समुद्र आणि बाहेरील रोपे आणण्यावरील कडक निर्बंध यांनी त्याला दूर ठेवले. म्हणून तेथील जुन्या वेली आजही स्वतःच्याच मुळांवर वाढतात. आपल्याकडील नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनाही खुंटाचे महत्त्व ठाऊक आहे. पाण्याचा तुटवडा आणि खारवट जमीन यांना तोंड देण्यासाठी ते 'डॉगरिज' या खुंटावर कलमे बांधतात. त्यांना सायप्रसच्या या दैवाचे मोल सहज उमगेल.

पाच हजार वर्षांची परंपरा

सायप्रसमधील द्राक्षमद्याची परंपरा फार जुनी आहे. लिमासोल शहराजवळील एरिमी येथील उत्खननात सापडलेल्या मडक्यांच्या तपासणीत द्राक्षाम्लाचे अंश आढळल्याचे संशोधकांनी सांगितले. ही मडकी सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीची मानली जातात. पश्चिम किनाऱ्यावरील पाफोस येथे १९६२ मध्ये जमीन सपाट करताना रोमन काळातील एका मोठ्या घराची रंगीत दगडांची फरशी उघडी पडली. तिच्यावरील एका चित्रात इकारिओस नावाचा शेतकरी दिसतो. मद्याच्या देवाने त्याला मद्य करण्याची विद्या दिली. त्याने ते भोळेपणाने मेंढपाळांना पाजले. ते झिंगून पडले, आणि विषप्रयोग झाला असे समजून लोकांनी बिचाऱ्या इकारिओसलाच ठार मारले. मद्य ज्यांनी सर्वप्रथम प्याले, ते हेच लोक, अशी अक्षरे त्या चित्रातील मेंढपाळांजवळ कोरलेली आहेत. मद्याचा देव पुजणाऱ्यांनीही त्याच्या धोक्याची कथा आपल्या घराच्या जमिनीवर चितारून ठेवली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

बेटावरील सर्वांत प्रसिद्ध मद्य म्हणजे गोड चवीचे 'कमांडारिया'. द्राक्षे खुडल्यावर ती उन्हात पसरतात. बेदाण्यासारखी सुरकुतू लागली, की त्यांचा दाट, गोड रस काढतात. तो आंबवून लाकडी पिंपांत किमान दोन वर्षे मुरवतात. द्राक्षे अशी उन्हात वाळविण्याची रीत प्राचीन ग्रीक कवी हेसिअडनेही वर्णिली आहे. ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याने सायप्रस जिंकले, आणि पुढे धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या संघांना तेथे जहागिरी मिळाल्या. अशा जहागिरीला 'कमांडरी' म्हणत. त्यावरून मद्याला नाव मिळाले. त्यांचा कोलोसी येथील किल्ला आजही उभा आहे. कमांडारिया तयार करण्याचा अधिकार आज लिमासोलच्या उत्तरेकडील चौदा गावांपुरता राखून ठेवलेला आहे.

कमांडारियात दोन देशी जातींची द्राक्षे वापरतात: पांढरी 'झिनिस्तेरी' आणि काळी 'माव्रो'. ग्रीक भाषेत माव्रो म्हणजे काळा. ही माव्रो वेल काटक, भरघोस फळणारी आणि कोणत्याही उतारावर तग धरणारी. तिचे घड मोठे, मणी टपोरे. शेतकऱ्याला आणखी काय हवे? विसाव्या शतकात बेटावरील द्राक्षमळ्यांचा सर्वांत मोठा भाग माव्रोनेच व्यापला होता. मराथेफ्तिको ही मात्र त्याच मळ्यांत कोठे दोन, कोठे चार अशी विखुरलेली होती. पित्सिलिया भागात तिला 'वामवाकादा' म्हणत, इतरत्र आणखी काही. एका वेलीला गावोगावी निरनिराळी नावे असावीत, यावरूनच ती जुन्या काळापासून लोकांच्या ओळखीची होती हे कळते.

फुलातील उणीव

मग ही वेल मागे का पडली? याचे उत्तर तिच्या फुलात आहे.

रानटी द्राक्षवेलींमध्ये नर व मादी वेली वेगवेगळ्या असतात. हजारो वर्षांच्या लागवडीत माणसाने दोन्ही अंगे एकाच फुलात असलेल्या वेली निवडल्या, कारण त्या स्वतःच्याच परागकणांनी फळतात. आज लागवडीखाली असलेल्या बहुतेक जाती अशाच आहेत. मराथेफ्तिकोचे फूल मात्र व्यवहारतः केवळ मादी आहे. पुंकेसर त्यात दिसतात, पण त्यांचा उपयोग होत नाही. त्यामुळे जवळपास दुसऱ्या जातीची वेल त्याच दिवसांत फुललेली असावी लागते. तिचे पराग वाऱ्याने वा कीटकांनी येऊन पोहोचले, तरच फळ धरते. ज्यांच्या परसात पपई आहे, त्यांना हे समजावून सांगावयास नको. मादी झाडाच्या आसपास नर झाड नसले, तर पपईची मादी फुले कशी गळून पडतात, हे आपण पाहिलेच आहे.

फुलोऱ्याच्या दिवसांत हवा बिघडली, वारा फार सुटला किंवा शेजारच्या वेलीचा फुलोरा आगेमागे झाला, तर मराथेफ्तिकोचे घड विरळ राहतात. काही मणी टपोरे होतात, तर काही मोहरीएवढेच राहून जातात. एका वर्षी बरे पीक येते, तर दुसऱ्या वर्षी निराशा पदरी पडते. वजनावर पैसे मिळणाऱ्या शेतकऱ्याने अशी वेल का लावावी?

आणि काही काळ सारा व्यवहार वजनावरच चालला होता. १८७८ मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढील काळात किनाऱ्यावरील लिमासोल येथे मोठे कारखाने उभे राहिले. डोंगरात खुडलेली द्राक्षे उन्हातान्हातून खाली कारखान्यांत येत. 'सायप्रस शेरी' या नावाचे स्वस्त गोड मद्य इंग्लंडच्या बाजारात खपत होते, आणि घाऊक माल सोव्हिएत संघाकडे व पूर्व युरोपाकडे जात होता. या बाजारांना नग हवा होता, गुण नव्हे. माव्रोने तो पुरविला. मराथेफ्तिको जुन्या मळ्यांच्या कोपऱ्यांत उभी राहिली. कोणी तिची जोपासना केली नाही, आणि कोणी मुद्दाम तोडलीही नाही.

बाजार गेला, वेल राहिली

मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर उभारलेला व्यवहार गिऱ्हाईक गेले की कोलमडतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो बाजार नाहीसा झाला. शेरी हे नाव स्पेनच्या हेरेस भागातील मद्यासाठीच राखून ठेवावे, असा युरोपीय निर्णय १९९६ पासून लागू झाला, आणि सायप्रस शेरी हे नावच बंद पडले. २००४ मध्ये सायप्रस युरोपीय संघाचा सदस्य झाल्यावर नको असलेले मळे उपटून टाकण्यासाठी शेतकऱ्यांना अनुदाने मिळू लागली. इकडे डोंगरातील तरुण पिढी निकोसिया, लिमासोल आणि थेट लंडनपर्यंत पोटापाण्यासाठी गेली होती. तालींचे बांध ढासळू लागले. ज्या गावांत सुगीच्या दिवसांत पाय ठेवण्यास जागा नसे, तेथे चार वृद्ध माणसे मळे राखू लागली.

या पडझडीच्या काळातच एक वेगळा प्रयत्नही सुरू झाला होता. १९८० च्या दशकापासून सरकारच्या प्रोत्साहनाने डोंगरातील गावांतच लहान लहान मद्यशाळा निघू लागल्या. द्राक्षे कारखान्याकडे नेण्याऐवजी कारखानाच द्राक्षांकडे यावा, ही त्यामागील कल्पना. पाफोसच्या डोंगरातील पानायिया हे गाव यात अग्रेसर होते. सायप्रसचे पहिले राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप माकारिओस यांचे हेच जन्मगाव. तेथे १९८७ मध्ये अशी एक मद्यशाळा सुरू झाली आणि तिने देशी वाणांवरच भर दिला. मोठ्या कारखान्यांतील काही जाणत्या मंडळींनीही जुन्या वाणांचा शोध सुरू केला. केओ या कंपनीत दीर्घकाळ काम केलेले आकिस झाम्बार्तास हे त्यांपैकी एक. पुढे २००६ मध्ये त्यांनी आयिओस आम्व्रोसिओस या गावात स्वतःची लहानशी मद्यशाळा काढली.

हे शोधक नवीन असे काय शोधीत होते? वास्तविक काहीच नाही. वृद्ध शेतकऱ्यांच्या मळ्यांतच त्यांना मराथेफ्तिको भेटली. जुन्या पद्धतीच्या मळ्यांत एकच जात कधी नसे. माव्रोच्या दहा वेलींमध्ये एखादी वेगळी काळी वेल, बांधालगत एखादी पांढरी, असा मिश्र संसार असे. आजोबांनी लावली म्हणून नातवाने ठेवली, एवढाच त्यामागील हिशेब. परंतु याच मिश्रणात मराथेफ्तिकोला आवश्यक तो शेजार लाभत होता. काटेकोर, एकाच जातीच्या नव्या मळ्यांत ती कधीच टिकली नसती. ज्या व्यवस्थेला आधुनिक दृष्टी अव्यवस्था म्हणाली असती, तिनेच ही वेल जगविली.

हे ओळखून आता मराथेफ्तिकोच्या रांगांमध्ये दुसऱ्या जातींच्या वेली मुद्दाम लावतात. त्यांपैकी 'स्पूर्तिको' ही पातळ सालीची पांढरी जात विशेष उपयोगी ठरली आहे. स्पूर्तिकोच्या स्वतःच्या मद्याला फारसा नावलौकिक नाही. पण ती शेजारी फुलली नाही, तर मराथेफ्तिकोचे घड रितेच राहतील. बाटलीवर नाव एकीचे झळकते, आणि त्यामागे श्रेय दुसरीचेही असते.

रस, साल आणि पिंप

मराथेफ्तिकोच्या मद्यात असे काय आहे, की त्यासाठी इतका खटाटोप करावा? काळ्या द्राक्षाचा मणी दाबून पाहिला, तर रस बहुधा जवळजवळ रंगहीन निघतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल मद्य करताना द्राक्षे देठावरून सोडवून, चेंगरून, सालीसकट मोठ्या भांड्यांत ठेवतात. किण्व नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतात. रस फसफसू लागतो आणि साली वर तरंगून त्यांचा जाड थर जमतो. तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, म्हणजे सालीतील रंग व तुरटपणा रसात उतरतो. मग चोथा दाबून वेगळा करतात आणि मद्य ओकच्या लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरत ठेवतात.

माव्रोचे लाल मद्य बहुधा फिक्या रंगाचे आणि हलके होते. मराथेफ्तिकोच्या सालीत रंग व तुरट द्रव्ये विपुल आहेत. तिचे मद्य गडद जांभळसर होते. व्हायोलेट फुलांचा आणि काळ्या चेरीचा गंध त्याला असतो, असे जाणकार सांगतात. त्याचा तुरटपणा आपल्याला कच्च्या जांभळाची आठवण करून देईल. तो मवाळ होण्यास वेळ द्यावा लागतो, आणि द्राक्षे अर्धवट पिकली असताना खुडली तर तो सुटत नाही. म्हणजे ही वेल मळ्यात जशी धीर मागते, तशीच ती पिंपातही मागते. तिच्यासारखे मद्य जगात दुसरीकडे होत नाही, हेच आज सायप्रसच्या कामी येते. स्वस्ताईच्या स्पर्धेत हे लहान बेट मोठ्या देशांपुढे टिकू शकले नाही. पण जे इतरांपाशी मुळी नाहीच, त्यात स्पर्धा कोणाशी?

स्वयंपाकघरातील सुगी

द्राक्षाचा उपयोग तेथे केवळ मद्यासाठी होतो, असा मात्र आपला समज होऊ नये. सुगीच्या दिवसांत डोंगरातील घरांघरांतून ताज्या रसाच्या मोठ्या कढया चुलीवर चढतात. रसातील मळी काढण्यासाठी त्यात एक विशिष्ट पांढरी माती घालतात. आपल्या गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी काढण्यासाठी भेंडीचा चिकट रस घालतात, तसाच हा प्रकार. रस आटवून आपल्या काकवीसारखा दाट पाक करतात, त्याला 'एप्सिमा' म्हणतात. रसात पीठ शिजवून खिरीसारखा 'पालुझे' होतो. बदाम दोऱ्यात ओवून ती माळ या दाट पालुझेमध्ये पुन्हा पुन्हा बुडवितात आणि दर वेळी वाळवितात. थरावर थर चढून मेणबत्तीसारखी कांडी तयार होते. हा 'सुजुको' हिवाळ्याच्या बेगमीचा लाडका खाऊ. ओमोदोससारख्या गावांतील दुकानांत त्याच्या माळा लटकताना दिसतात. या कामात घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांचे हात लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी लागतात, तसेच.

वाचकहो, सायप्रसच्या डोंगरांतील अडचणी अद्याप संपलेल्या नाहीत. पाऊस लहरी झाला आहे, मजूर मिळणे कठीण झाले आहे, आणि ढासळलेली प्रत्येक ताल पुन्हा उभी राहील असे नाही. १९७४ पासून बेट दुभंगलेलेही आहे. तरीही ज्या वेलीला कोणी हिशेबात धरीत नव्हते, तिच्यामुळे काही गावांतून तरुण माणसे पुन्हा मळ्यात उतरली आहेत, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्याही देशात भाताचे, ज्वारीचे, आंब्याचे अनेक जुने वाण कमी पिकतात म्हणून मागे पडले. काही अजूनही कोणाच्या तरी परसात, कोणाच्या तरी बांधावर तग धरून आहेत. आपल्या आजोळी गेलात, तर घरच्या वडीलधाऱ्यांना त्यांची नावे विचारून पाहा. कोणते आंबे परसात होते, कोणता तांदूळ सणाला शिजे, कोणते बी कणगीत राखून ठेवीत, हे विचारा. त्यांतील एखादे झाड अद्याप उभे असेल, तर कमी फळते एवढ्या कारणास्तव त्यावर कुऱ्हाड चालवू नका. त्याचा योग्य शेजारी कदाचित अजून कोणी लावलेला नसेल.